वाद्य : काही नाही

फॉर्मवर रकाना होता : वाद्य.
मी लिहिलं, काही नाही.
आग्नेलो सरांनी ते खोडून
हिरव्या पेनानं लिहिलं, सोबत.

घाणेकरांच्या ट्यूबाचं वजन मीच केलं,
पाचपाखाडीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर, तीनदा.
तो म्हणाला, पितळ आहे, देऊन टाका.

शरयूनं क्लॅरिनेट हातात घेतलं बावन्नाव्या वर्षी.
पहिलं वर्षभर घरात बदक होतं.
वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथ ऐकलेला मी
दार लावून घ्यायचो.
मग एकदा आमटीला फोडणी देताना लक्षात आलं,
तिनं श्वास घेईपर्यंत
माझा हात मोहरीच्या डब्यावर थांबलाय.

बॅगेत दशम्या, लसणीची चटणी, रीड्सची डबी
आणि हॉटेलात मोजे वाळवायला
गॅलरीतले निळे चिमटे, बारा.

स्लोव्हेनियातलं ते गाव
अजून माझ्या जिभेवर नीट बसत नाही.
चौकात खुर्च्या, मागे डोंगर,
आणि वारा असा
की दुसऱ्याच ओळीला कागद उठले.
अठ्ठावीस माणसांचे हात वाद्यांत अडकलेले.
मी वाकून, जवळजवळ रांगत,
मुल्लांच्या झांजांखालून गेलो
एकेक चिमटा लावत.
शेवटचा शरयूच्या पानाला.
ओठांत रीड, त्यामुळे हसता येईना;
डोळ्यांनी म्हणाली, डावीकडे.
अजून डावीकडे.

टाळ्या झाल्या तेव्हा मी खांबामागे होतो,
कुणाकुणाचे कोट सांभाळत.
कसली तरी गाणी अजून खिशांतून
वाजत असल्यासारखे गरम कोट.

पहाटे तीन हात नाक्यावर सिग्नल लाल.
रस्ता रिकामा, तरी ड्रायव्हर थांबला.
ती झोपलेली, पेटी माझ्या मांडीवर.

आज कपडे वाळत घालताना मोजले : दहा.
दोन तिकडेच राहिले,
कुणाच्या तरी कागदाला धरून.
तिचा मैफिलीचा काळा कुर्ता सुटला
आणि दुसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्यावर पडला.

तळवलकरबाई तो झटकून देताना विचारतात,
तुम्ही काय वाजवलंत हो तिकडे?
वर चौथ्या मजल्यावर
ती एकच सूर लांबवत बसलेली.

थांबा, मी म्हणालो,
तिला श्वास घेऊ दे.