पंखा बंद

मार्केट यार्डामागं, हळदीच्या वखारीला लागून
माझी खोली. भिंतींना वाकळा ठोकल्यात,
खालच्या रांगेतल्या पुरानंतरच्या.
माइकपुढच्या जाळीवर रोज पिवळी पूड बसते.
सौदे चालू असतात तोवर रेकॉर्डिंग होत नाही.
म्हणजे सौदा तसा मुकाच, रुमालाखाली बोटं धरायची,
भाव ठरतो, कुणाला ऐकू जात नाही.
पण हमाल मुके नसतात.

मुंबईत पहिल्यांदा स्टुडिओत उभी राहिले
तेव्हा कुणीतरी चहा मागवत होतं.
मी म्हटलं, "मी आणतो की."
काचेपलीकडं हशा.
आमच्याकडं पोरी असंच बोलतात, म्हटलं.
येतो, जातो, जेवलो, रुसलो.
साहेबांनी चष्मा पुसला न् म्हणाले,
मुलाचं काम हिला द्या.

तेव्हापासून मी डुबुक.
उदमांजराचं पोर. वय वर्षं आठ,
गेली एकोणीस वर्षं आठ.
त्याच्यापायी बुडलो, शिंकलो,
तोंडात बोट घालून मासे गिळले,
सातव्या महिन्यात, पोट सांभाळत,
झाडावरून पडलो चौदा वेळा,
कारण किंकाळी चित्रापेक्षा लांब होत होती.
नाव पडद्यावर आलं एकदा.
बिरनाळेचं बिरमाळे.

आता मी काचेच्या ह्या बाजूला.
समोर गावातली पोरं, कानांवर
डोक्यापेक्षा मोठे हेडफोन.
आदगोंडाचा बाप पलीकडं पोती उचलतो,
ह्याला मी लांडगा दिलाय.
शिकवते ते एवढंच,
परक्या तोंडाकडं बघा. ओठ कुठं मिटतात?
तिथं प पाहिजे, ब पाहिजे, भ नाहीतर म.
लांडगा रडत काहीतरी म्हणतो, ओठ दोनदा मिटतात,
आणि कागदावर लिहिलंय, "नको जाऊस ना."
एकदाही मिटत नाहीत.
मग, "थांब ना रे, थांब."
बसलं.
अर्थ थोडा सरकतो. सरकू द्यायचा.
आमचं वाक्य क्रियापदाशी जाऊन संपतं,
त्यांचं तोंड त्याआधीच गप्प झालेलं.
उरलेला 'आहे' कुठं लपवायचा,
ह्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

आणि दर टेकच्या आधी ओरडायचं,
पंखा बंद!
मग मे महिना असो, सांगलीचा.

मागल्या साली आईला अर्धांग झाला. वाचा गेली.
गावभागातल्या खोलीत पडून ओठ तेवढे हलवायची,
डावीकडं जरा कमी.
अंदाज घेत चला, डॉक्टर म्हणाले.
अंदाज! माझा तर तो धंदा.
मिटले, उघडले, मिटले.
पाणी पाहिजे?
बाम?
पद्माला बोलावू?
मान नाही, नाही, नाही. डोळ्यांत पाणी, रागाचं.
तीन दिवस मी तिच्या तोंडावर
माझी वाक्यं बसवत होते.

चौथ्या दुपारी ती वर बघत होती,
मीही थकून काही न बसवता
तिच्याकडं नुसतं बघितलं.
प.
बं.
उठून बटण दाबलं.
पाती थांबेपर्यंत दोघी वर बघत राहिलो.
तिला थंडी वाजत होती,
की नुसता आवाज नको होता,
की शाळेतल्या माझ्या पाठांतराला
ती पंखा बंद करून बसायची, ते आठवलं,
विचारलं नाही. विचारलं असतं
तर पुन्हा ओठ मोजत बसले असते.

संध्याकाळी डुबुकचं काम होतं,
पाण्याखालचं, नुसते बुडबुडे.
चपला घालताना दारातनं म्हटलं,
"जाऊन येतो, आई."
तिचे ओठ हलले. मिटले नाहीत.

'ये' म्हणताना मिटत नाहीत.