भिंतीतलं हाड

लानेलीला, जुन्या पत्र्याच्या कारखान्याच्या जागेवर
बावीस घरं उभी राहत होती.
सातव्यात मी न्हाणीघराची भिंत बंद करत होतो,
तेवढ्यात मेरेरिद आली, नगरपालिकेची. पिवळं जाकीट, दातांत पेन्सिल.
भिंतीवर बोटाने टकटक केलं.
“प्लायवूड कुठंय?”

कसलं प्लायवूड?
“टाइल्सच्या मागे. कमोडच्या बाजूला, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत.
उद्या कुणाला दांडी लावायची झाली, तर स्क्रू धरायला.”
मी म्हणालो, बाई, घर घेतलेली पोरं पंचविशीची आहेत,
परवा बागेत ट्रॅम्पोलीन कुठे मावेल ते मोजून गेली.
“नकाशात आहे,” म्हणाली,
आणि दाराशी गुडघे टेकून बसली.

उंबरठ्यालाही तिची फूटपट्टी.
पंधरा मिलिमीटर. करंगळीच्या पेराहून कमी.
माझीच विटांची हातगाडी तिने मागे नेली
आणि भरलेली तशीच दारातून आत ढकलली.
गाडी अडखळली नाही.
गेथिन, आमचा ठेकेदार, मागून पुटपुटला:
दार रुंद करा, बोळ रुंद करा, बटणं खाली घ्या, प्लग वर घ्या,
तुळयांत चौकोन सोडा, कधीकाळी लिफ्ट यायची म्हणून,
उद्या म्हणाल, गिऱ्हाइकाचं म्हातारपणही मीच काढू.
आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने.

भिंत पुन्हा उघडली. प्लाय कापलं, बसवलं,
रागारागात गरजेच्या दुप्पट स्क्रू मारले.

रात्री बापाची आठवण झाली.
एल्विन. तीस वर्षं याच कारखान्यात पत्रा लाटलेला.
रांगेतल्या घराला रस्त्यावरून दोन पायऱ्या
आणि न्हाणीघर वर, तेरा पायऱ्यांवर.
शेवटची चार वर्षं पुढच्याच खोलीत, पडद्याआड बादली.
छताकडे बघून विचारायचा, “वर काय चाललंय?”
जसं वर म्हणजे एखादं गाव,
जिथून बरेच दिवसांत पत्र नाही.
त्या दोन पायऱ्यांवर मी एक फळी टाकली होती,
उभी, निसरडी. एकदाच वापरली.
मी सुतार.
लोकांच्या घरी ओकचे जिने करत फिरत होतो.

भिंतीला कान असतात म्हणतात.
असतील.
हाडं मात्र घालावी लागतात,
आणि वरून टाइल्स, कुणाला दिसू नयेत म्हणून.

अकरा वर्षांनी फोन. सात नंबरची तेस्नी.
काठी लागते आता, सकाळी जास्त.
कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
ट्रॅम्पोलीन बागेत गंजून उभं.
आधी एकजण बघून गेला होता:
सगळ्या टाइल्स उखडाव्या लागतील, दोन आठवडे धरा.
मी बोटाने टकटक केलं.
पोकळ. पोकळ. पोकळ.
मग भरीव.

ड्रिलमधून आधी पांढरी भुकटी आली, मग पिवळा भुसा.
स्क्रू शेवटच्या आट्याला कुरकुरला आणि थांबला.
तेस्नीने दांडी धरली, आधी दोन बोटांनी,
मग सगळं अंग टाकून, मला वाटलं आता लटकतेच.
“तुम्हाला कसं कळलं आत काय आहे?”
मेरेरिदचं नाव घ्यायला हवं होतं.
मी म्हणालो, नकाशात होतं.

काम अर्ध्या तासाचं. चहाला त्याहून जास्त लागला.
निघताना, डावा गुडघा आताशा ऐकत नाही म्हणून
चौकट धरून मी पाय उचलला
पायरीसाठी,
जी तिथं नव्हती.