कच्ची वही

नेत्रा, बस. खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, रेलू नकोस.
बी.कॉम. झालीस, ते आज बाजूला राहू दे.
ही बघ लांबट वही, लाल कापडाची.
हर्णैच्या हवेनं पानं बारमाही दमट,
शाईचं पेन चालत नाही, अक्षर फुटतं.

वर तारीख. खाली बोटीचं नाव, 'गजलक्ष्मी'.
मग लिलाव. तो वाळूत उभं राहून ऐकायचा.
बैलगाड्या पाण्यातून टोपल्या ओढून आणतात,
सुवर्णदुर्गामागं ऊन उतरतं,
आणि दोन व्यापारी एकमेकांकडं न बघता
एकाच आकड्यावर थांबतात.
का थांबतात, त्याचा रकाना नाही.
बर्फ वितळत असतो, गो.
व्यापाऱ्याचा ट्रक थांबू शकतो,
सुरमई थांबू शकत नाही.
बाजारभाव म्हणजे एवढंच.

मग वजा कर: डिझेल, बर्फ, तांदूळ, कांदे, देवीचा नारळ.
नारळ विसरू नकोस,
तांडेल तेवढीच एक ओळ बोट ठेवून वाचतो.

उरलं त्याचे वाटे.
बोटीला चार.
जाळ्याला तीन.
इंजिनाला दोन.
तांडेलाला दोन, इंजिनवाल्याला दीड,
खलाशाला एक.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं,
शेठ, इंजिन जेवतं कधी?
काशिनाथशेठ हसले. माणूस चांगला,
माझ्या लेकीच्या बाळंतपणात
मध्यरात्री स्वतः गाडी काढून दापोलीला नेलं त्यांनी.
म्हणाले, मयेकर, आजारी पडलं की कळेल.
दोन वर्षांनी पडलं.
दुरुस्तीचा खर्च डिझेलच्या खाली लिही म्हणाले,
म्हणजे वाटे पडायच्या आधी, सगळ्यांच्या माथी.
इंजिनाचे दोन वाटे तसेच राहिले.
मी लिहिलं. अक्षर माझंच आहे, बघ.

जाळ्याला तीन म्हटलं ना,
ते जाळं ओट्यावर बसून शिवणाऱ्या रोशनबीला रोजी मिळते.
चहा आपला.

भीमलालचं पान वेगळं.
नारळी पौर्णिमेच्या आधी नेपाळातून येतो,
उचल मागल्याच साली घेऊन गेलेला,
म्हणजे त्याच्या हातचा मासा
समुद्रात असतानाच विकलेला.
त्याच्यासमोर आकडा टाकताना जपून:
त्याचे आकडे आणि आपले आकडे एकच आहेत.
तो वाचतो. बोलत नाही.

आता शेवटचं, हे कॉलेजात सांगत नाहीत.
वाटा निघतो दोन हजार एकशे सत्तेचाळीस.
आपण द्यायचे दोन हजार एकशे चाळीस.
सुटे नसतात, नाणी वाळूत पडतात,
शेठला घाई, खलाशाला झोप.
वरचे सात कुठंच जात नाहीत,
म्हणजे बोटीतच राहतात.

ही दुसरी वही, निळी, छोटी. शेठना ठाऊक नाही.
एकतीस वर्षं ते वरचे मी हिच्यात मांडत आलो.
कशाला, विचारू नकोस. आधी चाळा होता,
मग सुटेना.
मे महिन्यात बोटी वर ओढल्यावर बेरीज केली, दोनदा.
तीन लाख अडतीस हजार चारशे सहा.
चोरी कुणी केली नाही.
मी तर घरी कोलीमसुद्धा विकतची नेली.

गेल्या साली शेठनी दुसरी बोट घेतली, पाहिलीस ना,
हिरवी, अजून नाव घालायची आहे.
तिचं इंजिन जुनं, मुरुडहून आणलेलं,
साडेतीन लाख सांगत होते, घासाघीस करून
तीन चाळीसला बसलं.

निळी वही खणात ठेवतो. किल्ली वरच अडकवलेली असते.
ठेवायची की जाळायची, तू बघ.
हिरव्या बोटीचं पहिलं पान मी आखून ठेवलंय,
सोमवारपासून तुझ्या हातानं:
बोटीला चार,
जाळ्याला तीन,
इंजिनाला दोन.