मधली काडी

प्लगला हात लावू नका, मोहनाताई.
घरी लावून पाहिला नाहीत ना? बरं केलंत.
आधी पालथा करू. पोटाखाली पत्र्याची पट्टी आहे,
गंज अंगठ्याने पुसला की वाचता येतं:
शंभर व्होल्ट.
हा जपानचा. आपल्या भिंतीत दोनशे तीस.
सरळ लावला असतात तर
ज्याने वर्षानुवर्षं बर्फाचा, डिझेलचा, जाळ्यांचा हिशेब केला
त्याचा धूर पाहून परत गेला असतात.

लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या मजल्यावर माझा गाळा.
खाली मोबाइलच्या काचा बदलतात दहा मिनिटांत.
माझ्याकडे दहा मिनिटांचं काही येत नाही.

चार स्क्रू. तीन सुटले, चौथ्याला रॉकेल पाजून
आपण चहा प्यायलो.
झाकण निघालं आणि ससून डॉक आलं गाळ्यात,
चाळीस वर्षं कपाटात राहूनही खारट.
सातच्या बटणाखाली एक खवला.
उजेडाकडे धरून तुम्ही म्हणालात, घोळीचा.
मग तो पर्समध्ये ठेवलात, तिकिटासारखा जपून.

ब्रशने मीठ झाडलं. तांब्यावरचा हिरवा थर खरवडला.
मोठे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, ते बदलले.
बाकीच्यांना विचारून घेतलं मीटरने, एकेकाला,
सासरी आलेल्या मुलीला विचारावं तसं, घाई न करता.

मग शंभरचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या वाटेत चाळीसचा बल्ब.
हा बल्ब म्हणजे जामीन.
आत शॉर्ट असेल तर तो भडकेल, यंत्र वाचेल.
डावा हात पाठीमागे, हे माझ्या उस्तादांचं,
करंटला छातीतून जायला रस्ता द्यायचा नाही.
तुम्हीही नकळत हात मागे घेतलात.

वीस व्होल्ट. थांबलो.
चाळीस. खाली कुणीतरी टेम्पोवाल्याशी भांडत होतं.
सत्तर.
बल्ब एकदा लाल झाला, मग मंदावला.
आणि काचेच्या आठ नळ्यांपैकी शेवटच्या तीन
हिरव्या-निळ्या उजळल्या: शून्य, टिंब, शून्य, शून्य.

तुम्ही म्हणालात, अंधारात पाणी पेटतं ना कधी कधी, तसा रंग.

सगळ्या काड्या तपासायच्या तर आठ दाबायचा.
इंग्रजी आठाला सातही काड्या लागतात.
दाबत गेलो, आठ वेळा.
सात नळ्यांत आठ.
शेकड्याच्या घरात शून्य.

पुन्हा करा, म्हणालात. पुन्हा केलं.
त्या नळीची मधली काडी गेलेली.
चार, पाच, नऊ तिथे लंगडतात, कुणीही ओळखेल.
आठ लंगडत नाही.
तो शून्य होऊन शिस्तीत उभा राहतो.

बराच वेळ तुम्ही काही बोलला नाहीत.
मग: त्र्याऐंशी साल. सोसायटीचा ऑडिट.
आठशे रुपये कमी.
हिराजी वैती, हिशेबनीस, डोळ्यांवर चष्मा, बटणावर बोट,
चोपडीत मराठी शून्य काढणारे, गोल, सुबक.
पगारातून कापले चार हप्त्यांत.
आईच्या कुड्या गेल्या. बाबा बंदरावर मान खाली घालून चालायचे,
म्हणालात, इतके की
त्यांना बोटींची नावं खालच्या अक्षरांवरून ओळखता यायची.

मी काय सांगू?
काडी तेव्हा गेली की कपाटात पडून पडून,
मीटर एवढं सांगत नाही.
ते फक्त म्हणतं: इथे तुटलंय.

बंद केला. तुमचा हात बटणांकडे जात होता,
अडवला मी.
बंद केल्यावरही आत दाब राहतो, ताई,
थोडा वेळ जाऊ द्या.

नळ्या विझल्या. चौथी की पाचवी आधी, लक्षात नाही.
किती झाले, तुम्ही विचारलंत.
समोर चालू कॅल्क्युलेटर होता, माझा, नवा.
मी कागद घेतला
आणि बेरीज हाताने केली,
हातचा एक वर मांडून,
दोनदा.