दिब्रुगडला सायकल

पणजीच्या दुकानात पेटी पाहिली.
काळी, कडक, चार चाकांची, आतून राखाडी स्पंज.
भाडं दिवसाला साडेतीनशे, अनामत वेगळी.
दुकानातला पोरगा तिच्यावर चढून
दोन उड्या मारून दाखवत होता.
मी एवढंच विचारलं, रिकामी किती भरते?
अकरा किलो.
माझी सायकल तेरा.
विमानाला मंजूर तेवीस.
पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं काढलेली बाई मी,
वरचा एक किलो
कुणालाच कधी सोडला नाही.

कापडी बॅग होती भाच्याकडे, रत्नागिरीला.
घडी करून कपाटात राहते, म्हणाला.
तळाशी एक भोक होतं, मागच्या प्रवासातलं.
गिअरचा हूक तेव्हाच वाकला
हे त्याच्या बायकोने सांगितलं.

कुडाळच्या सायकलवाल्याने खोका फुकट दिला.
रात्रभर पडवीत उभा केला
आणि सकाळी बघते तर
बंदरावरच्या खाऱ्या हवेने
पापडासारखा सादळलेला.

इनास आल्मेडा कुंपणापलीकडून हसला,
"अगो, जन्मभर पार्सलां बांधलंस,
आता तुका एक खोको गावणा नाय?"

तेच तर, इनास.
बांधली, तशी फेकलीही.
पेन्शन सुरू झाल्यावरच हे बोलता येतं.
दिवाळीच्या आठवड्यात थैल्या छताला टेकलेल्या,
तेव्हा 'हळू हाताळा' वाचायला
डोळे कुणाचे रिकामे?
आगळाच्या बाटल्या, बरण्या, कुणाची तरी पेटी,
जी जमिनीला लागताना एक सूर काढून गप्प झाली.
लाल शाईचा तो शिक्का मीच मारायचे
आणि मीच भिरकावायचे.

फक्त एकदा
फळसंशोधन केंद्राकडून एक लांबोडकं पार्सल आलं,
गोणपाटात गुंडाळलेलं कलम,
वरून दोन पानं बाहेर, तांबूस, कोवळी.
मी ते काट्यावर दोन्ही हातांनी ठेवलं.
आमचा बारक्या रेडकर,
लोकांचे टीव्ही पायाने सरकवणारा,
त्याला कडेवर घेऊन पायऱ्या उतरला.
त्यावर पत्त्याशिवाय
काहीही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मग इनासकडूनच मागून घेतलं
होडी झाकायचं जाड प्लास्टिक,
आरपार दिसणारं.
चाकांतली हवा अर्धी सोडली.
हँडल वळवून दांड्याला बांधलं.
सागरेश्वरच्या वाळूने खाल्लेल्या साखळीला
जुन्या गाउनची चिंधी.
उजवं पेडल सहज निघालं,
डाव्याचे आटे उलटे असतात
हे कळेपर्यंत तासभर
मी ते आवळतच बसले होते.
कडा दाभणाने शिवल्या, सुतळीने,
टाका तोच, खात्यातला.
चौदा किलो दोनशे.

मोपाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली,
मॅडम, यातून सगळं दिसतंय.
म्हटलं, हो.
तिने कागद पुढे केला,
मोडलं तर जबाबदारी माझी.
सही केली, सवयीने तारखेसकट.

न्यायला आलेला माणूस जरा थांबला.
प्लास्टिकवरूनच त्याने अंगठ्याने घंटी दाबली,
ती दबकी वाजली, ताप आलेल्या माणसासारखी.
मग त्याने सायकल उचलली की ढकलली,
मध्ये रबरी पट्ट्यांचा पडदा आला.

दिब्रुगड मला ठाऊक आहे
ते सात-आठ-सहाने सुरू होणारं, बस.
किती वेळा तो आकडा तपासला,
नदी काही त्यात दिसली नाही.
वाटेत एक विमान बदलायचं आहे,
म्हणजे अजून चार-सहा हात,
न पाहिलेले.

पेडल माझ्या पर्समध्ये आहेत.
बोर्डिंग पास त्यांच्या ग्रीसने काळा झालाय,
सीटचा नंबर
आता अंदाजाने वाचावा लागेल.