तिसरा खांब

पहाटे साडेचारला उचगावच्या वेशीत मी शिट्टी फुंकतो.
सतरा वर्षं फौजेत, नऊ वर्षं ह्या रस्त्यावर.
पोरं येतात अंधारातनं,
कुणी अनवाणी, कुणी थोरल्या भावाचे बूट घालून
पुढं कापूस कोंबलेला.

भरमू हुंदरे सगळ्यांच्या पुढं.
सोळाशे मीटर, चार मिनिटं छप्पन्न.
घड्याळावर विश्वास बसेना
म्हणून परवा परत पळवला.
चार चौपन्न.

श्रावणात ताप आला. गावात सगळ्यांनाच आला,
कुणाचे गुडघे धरले, कुणाची मनगटं.
म्हातारी माणसं उठून भांगलायला गेली.
भरमू नवव्या दिवशी शिट्टीला हजर.

मीच म्हणालो, घाम काढ, उरलंसुरलं घामातनं जातंय.

चौथ्या फेरीला तो पडला नाही, बसलाही नाही.
करंट गेल्यावर पिठाची गिरण थांबते तसा थांबला,
पट्टा थोडा फिरतो,
मग तोही नाही.

आणि मी म्हणालो,
सगळ्या पोरांच्या देखत म्हणालो,
"नाटक करायलास काय रे?"

मग दिवाळी गेली.
अंघोळ केली की दोन तास आडवा.
केस पुसायला हात वर धरवेनात,
आई पुसायची, वीस वर्षांच्या पोराचे.
एक दिवस जरा बरं वाटलं म्हणून
न सांगता दोन फेऱ्या मारून आला.
पुढचे अकरा दिवस खिडकीला पोतं,
कुकरची शिट्टीसुद्धा डोक्यात जायची.

मांड्या मात्र तशाच. हाच घात.
चावडीवर बघणारे म्हणायचे, ह्याला काय धाड भरलीय,
भरतीला घाबरलंय.
हा शब्द त्यांना कुणी दिला
मला ठाऊक आहे.

बेळगावला नेला. रक्त, छातीचा फोटो,
छातीला वायरी लावून काढलेली लांब पट्टी.
डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "एनू इल्ल."
मग त्याच्या आईकडं वळून, "काही नाही, मावशी."
दोन्ही भाषांत काही नाही.
येताना बसमध्ये काचेला डोकं टेकून भरमू म्हणाला,
"मामा, काय तरी निघालं असतं तर बरं झालं असतं."
हिंडलग्यापर्यंत मी पुढच्या सीटचे खिळे मोजले.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई वयानं पोरीएवढ्या.
त्यांनी कागद बाजूला ठेवले, त्यालाच विचारलं,
दाढी करताना मध्ये बसावं लागतं का?
तो रडला. मी बाहेर जायला उठलो,
जागेवरच उभा राहिलो.
असं होतं, म्हणाल्या, काहींना, धडधाकटांनाही.
तो खोटं बोलत नाही. ढकलू नका.
बरं वाटलं तरी अर्ध्यावर थांबा.

अर्ध्यावर थांबा.
माझ्या शिट्टीत हा हुकूमच नाही.

आता संध्याकाळी ऊन उतरलं की मी जातो.
त्याच्या दारापासनं विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत,
तिथं प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवलेली.
तेच घड्याळ हातात, पण बसण्याचं.
पाच मिनिटं पुरी बसायचं.
"मामा, चौथ्यापर्यंत जाऊ की आज."
"नाही."
"बरं वाटायलंय, खरंच."
"म्हणूनच नाही."

फाल्गुनात त्याला एकवीस पुरी होतील,
मग फॉर्म घेत नाहीत.
हे त्याला माहीत, मला माहीत.
आम्ही रताळ्याच्या भावाबद्दल बोलतो.

समोरनं पारश्या जातो धापा टाकत,
संध्याकाळचं जादा पळतोय, पाच दहावर आलाय.
भरमू खुर्चीतनं बघतो, मान जराशी वाकडी,
ओठांत सेकंद मोजत असावा.
"खांदे आवळायलाय त्यो," म्हणतो. "सांगा त्याला."

मी ओरडून सांगतो.
पारश्या खांदे सोडतो.