उरवाईखाली

पुढचं तोंड दरड कोसळून बंद.
सटवाजीनं हातानं चाचपून सांगितलं.
त्याला डोळे नाहीत, म्हणून त्यालाच पुढं घातला होता.

आता आम्ही तिघं. घोट्याएवढा चिखल, वटवाघळांची घाण,
डोक्यावर अख्खा ग्वाल्हेरचा किल्ला,
आणि जेठातलं ऊन, इथं फक्त ऐकून माहीत.

मागून चाल येते.
एक पाय पडतो, एक ओढला जातो.
टाचेला सुटा खिळा, दगडावर टिक्.
हैबती.
हे जोडे लष्करात एकाच मोच्याकडे शिवले आम्ही,
तो गुडघा मुरारच्या नाल्यातून
मीच खांद्यावर आणला.
आता त्याला गोऱ्यांचा पगार,
आमच्या डोक्यांचा भाव तोंडपाठ.

चकमक झडली. एकदा. दोनदा.
ठिणगीत मिशी दिसली, पिकलेली,
आणि नळी,
नेमकी आमच्याकडे नव्हे, फार लांबही नव्हे.
कापूस ओला. पेटेना.

मथुरी माझ्या दंडात नखं रुतवून उभी.
मुठीतली सुरी घामानं निसटते आहे.

"केरोबा," तो म्हणाला, हळू,
पंगतीत मीठ मागावं तसं,
"पाणी आहे का रे?"

कुणी श्वास घेतला नाही.
मग सटवाजीनं, अंधार त्याला रोजचाच,
पाण्याची मसक पुढं सरकवली.
डुचमळली ती.
आम्ही कुठं आहोत, सांगून टाकलं तिनं.

घटाघटा पितोय.
मी घोट मोजतोय.
अकरा.
बारा.